एकतीस मार्चचा लखोटा

"दिलं की वहिनी. शनिवारीच दिलं," मुबारकभाई पोस्टमन म्हणाला. सायकलला पिशवी अडकवता अडकवता तो थांबला. "स्पीड पोस्टानं आलं होतं. तुमच्याच नावाचं."

"कुणाला दिलं?"

"घरच्यांना."

"घरात लग्न झालंय मुबारकभाई. पंधरा-वीस माणसं आहेत. कुणाच्या हातात दिलं ते सांगा."

तो बिचारा परत पोस्टात गेला आणि सहीचा कागद घेऊन आला. मी बोट ठेवून वाचलं. निळ्या पेननं, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं होतं, इंदुमती जगदाळे. म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या अक्का.

"काय झालं वहिनी? मिळालं नाही का?"

"मिळेल की," मी म्हणाले. "घरात आलंय म्हणजे जातंय कुठं!" पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. शनिवारी आलेलं पाकीट, आज सोमवार, आणि अक्कांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी छत्तीसची होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याची खाणावळ मी चालवत होते. सकाळी पन्नास डबे, रात्री चाळीस. हात चांगला चालायचा माझा आणि तोंड त्याच्याहून चांगलं. त्या वर्षी आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातल्या कँटीनचं टेंडर निघालं. मी भरायचं ठरवलं. माझ्या स्वतःच्या नावावर, मालन जगदाळे या नावावर, जगात एकही गोष्ट नव्हती. खाणावळीचा परवाना नवऱ्याच्या नावावर, जागा भावजींच्या, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याच्या, गॅसची शेगडीसुद्धा सासऱ्यांच्या नावावर. ही कँटीन तेवढी माझी होणार होती.

कोठारी वकील आमच्या तालुक्याचे टॅक्सचे वकील. ते म्हणाले, "बाई, टेंडरला मागच्या वर्षाचं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरल्याची पोच लागते. रिटर्नला पॅन नंबर लागतो. आणि मागच्या वर्षाचं रिटर्न एकतीस मार्चच्या आत गेलं तर गेलं. एक एप्रिलला गेलात तर वरातीमागून घोडं."

जानेवारीत पॅनसाठी अर्ज केला. तो परत आला, कारण शाळेच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव. मग लग्नाचं प्रमाणपत्र जोडून फेब्रुवारीत परत पाठवला. कोठारी फोन करून विचारायचे, तिकडून सांगायचे, तपासणीत आहे. मार्च लागला तरी तपासणीतच. शेवटी वीस तारखेला कळलं, नंबर पडला, कार्ड टपालात टाकलं. आणि आता हे.

एक गोष्ट सांगून टाकते. यातलं काहीही मी घरात कुणाला बोलले नव्हते. टेंडर भरणार आहे हे गावाला माहीत होतं, ते काही लपत नाही. पण नंबरासाठी अडलंय, त्याची वाट बघतेय, हे मी पोटात ठेवलं होतं. कारण अक्कांचा भाऊ बबनराव. त्याचं बायपासवर हॉटेल होतं आणि तोही हे टेंडर भरणार अशी कुणकुण होती. आपलं नाक कुठं दाबलं जातं हे आपणच कशाला दाखवा?

घरी आले. अक्का ओट्याशी बसून लग्नाचे उरलेले लाडू डब्यांत भरत होत्या. त्यांच्या सारिकाचं लग्न कालच, रविवारी झालं होतं. दारात मांडव तसाच होता. आंब्याचे टहाळे सुकून वाजत होते.

"अक्का, माझं काही टपाल आलं का हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

त्यांचा हात थांबला. एवढंच. पण मी बघितलं.

"टपाल? नाही बाई," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. "लग्नाच्या घाईत कुठलं टपाल नि काय. हा लाडू खा. सकाळपासनं उपाशी असशील."

तो लाडू मी घेतला आणि मांजराला घातला.

दुपारी सगळं घर आडवं झाल्यावर मी शोधायला सुरुवात केली. अक्कांची पत्र्याची ट्रंक, गाद्यांची चळत, पिठाचे डबे, भावजींच्या कोटाचे खिसे. लाज वाटत होती का? वाटत होती. पण त्याहून राग जास्त होता. आहेराच्या साड्यांच्या घड्या एकेक करून उलगडल्या आणि परत घातल्या. कुठेच काही नाही.

एक जागा राहिली. देवघर. तिथं पाटावर देवक मांडलेलं होतं. पंचपल्लव, अविघ्नाचे मातीचे कलश, त्यावर दोरा गुंडाळलेला, वरून लाल खणाचं झाकण, पुढं समई. आमच्यात देवक एकदा बसलं की मुलगी मांडवपरतणीला घरी येते त्या दिवशीच्या दिवेलागणीपर्यंत त्याला हलवत नाहीत. तोवर घरात वाईट बातमी आणायची नाही. कुणी गेलं तरी सांगायचं नाही, रडायचं नाही, भांडायचं नाही. म्हातारी माणसं तर म्हणायची, देवक हललं की मुलीचा संसार हलतो.

मी उंबऱ्यावर थांबले. मला कुणी आत जाऊ नको म्हटलं नव्हतं. पण शनिवारी देवक बसवताना समईत तेल घालायला, कलशाला दोरा गुंडाळायला साऱ्या सवाष्णींना हाका मारल्या, तेव्हा मला कुणी हाक मारली नव्हती. मी तेव्हा डबे पोचवायला निघून गेले. पांढऱ्या कपाळाच्या बाईला एवढं आपोआप कळतं. म्हणून उंबऱ्यातूनच हात जोडले आणि म्हणाले, "देवा, माझा नंबर तेवढा सापडू दे. बाकी काही मागत नाही."

मंगळवारी कोठारींकडे गेले. त्यांच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा गाव शेवटच्या दोन दिवसांत जागा झाला होता.

"नंबर फोनवर मिळत नाही का हो?"

"सांगत नाहीत बाई. कार्ड शोधा. उद्या पाच वाजेपर्यंत सांगलीच्या ऑफिसात कागद पडला पाहिजे. मी सगळं लिहून ठेवलंय, नंबराची चौकट तेवढी कोरी आहे." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "घरात कुणी वाईटावर आहे का तुमच्या?"

 जे मी स्वतःशी म्हणत होते ते परक्या माणसानं म्हटलं की खरंच वाटायला लागतं.

घरी येते तर ओसरीवर बबनराव. अक्का त्याच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. मी दिसताच दोघं गप्प झाले.

"काय मालनताई," बबनराव म्हणाला, "झाली का कँटीनची तयारी?"

"होईल की. तुमची झाली का?"

तो हसला आणि बहिणीकडे बघितलं. बहिणीनं खाली बघितलं. झालं! मी सुतावरून स्वर्ग गाठला. लखोटा याच्याच खिशात गेला, नाहीतर चुलीत गेला. रात्री अक्कांनी मला दोनदा विचारलं, "मालन, तुला बरं नाही का? तोंड असं का उतरलंय?" केसानं गळा कापायचा आणि वर विचारायचं दुखतंय का. मी भाकरी तशीच ठेवून उठले.

बुधवार, एकतीस मार्च. मांडवपरतणी. अकरा वाजता सारिका हिरवा चुडा वाजवत नवऱ्याबरोबर आली, बरोबर तिची सासू, नणंद आणि मामेसासरे. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, ओसरीवर बसून विहीणबाईंची विचारपूस करत होत्या. आत पुरण शिजत होतं. ते मीच शिजवत होते. घरचा स्वयंपाक माझ्याशिवाय कुणाच्या हातचा चालत नसे. घड्याळाकडे बघत होते. सांगलीची एस. टी. पावणेबाराला, त्यानंतरची दोनला. दोनच्या गाडीनं पाचच्या आत पोचण्याचा भरवसा नव्हता.

अक्का तूप न्यायला आत आल्या. मी पळी टाकली.

"अक्का, माझं पाकीट द्या."

"कसलं पाकीट?"

"ज्यावर तुम्ही शनिवारी सही केलीत ते. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेय."

त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. "हळू बोल मालन. बाहेर विहीणबाई आहेत."

"ऐकू देत की! चोरी केली ती ऐकायला लाज कशाची?"

माझा आवाज मुळात मोठा, त्यात तीन दिवसांचा कोंडलेला. ओसरीवरची बोलणी बंद झाली. सारिका दारात येऊन उभी राहिली.

"हे बघ," अक्का माझा हात धरून म्हणाल्या, "दिवेलागणीपर्यंत दम काढ. देवक उठू दे. मी माझ्या हातानं देते. तुझ्याच भल्यासाठी म्हणते."

"दिवेलागणीला देताय! तोवर मुदत संपली म्हणजे तुमचा भाऊ मोकळा! विधवा बाई चार डबे करून खाते तेही तुम्हाला बघवत नाही का? तुमच्या लेकीच्या लग्नात मी पाचशे माणसांचं रांधलं अक्का, हात भाजून घेतले, आणि तुम्ही माझ्या पाठीत सुरा घातलात?"

"काकी, काय बोलतेस तू!" सारिका रडायलाच लागली.

अक्का मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी शिव्या घालत होते त्याचं त्यांना काहीच नव्हतं.

"मुदत? कसली मुदत संपते?"

"आज पाचला टॅक्सचं ऑफिस बंद होतंय! त्या पाकिटात माझा नंबर आहे. तो नसला तर रिटर्न नाही, रिटर्न नसलं तर टेंडर नाही. तीन महिने वाट बघतेय मी त्याची!"

"म्हणजे," अक्का सावकाश म्हणाल्या, "ते तूच मागवलं होतंस?"

"मग काय आपोआप आलं?"

त्यांनी हातातली तुपाची वाटी खाली ठेवली. पदर कमरेला खोचला आणि सरळ देवघरात गेल्या. मी मागोमाग गेले, उंबऱ्यापर्यंत. आत्याबाईंना कळलं असावं, त्या ओसरीवरून ओरडल्या, "इंदे! हात लावू नको! अगं विहीणबाई बघतायत!"

अक्कांनी ऐकलं नाही. डोळे मिटून एकदा नमस्कार केला, दोन्ही हातांनी देवकाचा पाट उचलून तिरका केला आणि खाली हात घातला. एक कलश कलंडला. तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या घरंगळत उंबऱ्यापर्यंत माझ्या पायाशी आल्या. अक्कांच्या हातात लखोटा होता. तीन सिंहांचं चित्र, त्याखाली मराठी वाचणाऱ्यालाही कळावं असं छापलेलं, आयकर विभाग. त्यावर कुंकू सांडलं होतं.

"वाच," त्या म्हणाल्या.  "वाच आधी. काय लिहिलंय? तुला धरून तर नेणार नाहीत ना?"

"धरून? मला?"

"मगदूम गूळवाल्याला नव्हतं का आलं असलं पाकीट? चवथ्या दिवशी दुकानाला टाळं ठोकलं. त्याची बायको माहेरी जाऊन बसली. मला वाटलं, तुझ्या खाणावळीची कुणी कागाळी केली. शनिवारी देवक बसलं आणि तासाभरात हे दारात. घरात वाईट आणायचं नाही म्हणून देवाखाली ठेवलं. म्हटलं, चार दिवस देव तरी सांभाळील. तुला लग्नात सुखानं दोन घास खाऊ देत. मग सांगू." त्यांनी डोळे पुसले. "बबनला काल तेच विचारत होते, ओळखीचा कुणी वकील आहे का म्हणून. तुझ्यासाठी."

 मी पाकीट फोडलं. कार्ड होतं, माझा फोटो होता, नंबर होता. फोटोत मी कुणावर तरी डाफरल्यासारखी दिसत होते.

"काय आहे?"

"नंबर आहे अक्का. नुसता नंबर."

"वाईट नाही ना?"

"नाही."

"मग पळ! पावणेबाराची गाडी मिळेल अजून!"

मागे विहीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचं लक्ष लखोट्याकडे नव्हतंच. कलंडलेल्या कलशाकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या, "देवक हललं."   अक्कांनी मला दंडाला धरून दाराकडे ढकललं.

आणि मी गेले. खरं सांगते, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. कोठारींकडून कागद उचलले, पळत्या गाडीत चढले. सांगलीच्या ऑफिसात रांग जिन्यातून रस्त्यावर आली होती. साडेचारला माझा नंबर लागला. खिडकीतल्या माणसानं कार्डाची झेरॉक्स बघितली, मग मूळ कार्ड मागितलं. बोटाला लागलेलं कुंकू बघून म्हणाला, "बाई, पूजेतून उचलून आणलंत का हे?"

"होय," मी म्हणाले.

त्यानं हसून शिक्का मारला.

घरी पोचले तेव्हा मांडव उतरवत होते. पाहुणे पुरणपोळी न जेवताच गेले होते. सारिका जाताना फार रडली, असं शेजारणीनं सांगितलं. आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. अक्का देवघरात बसून फरशीच्या भेगांतून एकेक तांदूळ वेचत होत्या.

"झालं का काम?"

"झालं."

"बरं झालं. जेवून घे. पोळ्या झाकून ठेवल्यात."

तेव्हाच पायावर डोकं ठेवायला हवं होतं. चूक झाली म्हणायला किती वेळ लागतो? पण जीभ रेटली नाही. दुसऱ्याला बोलताना कशी सुरीसारखी चालत होती! मी ताटावर बसले आणि जेवले. टेंडर माझ्या नावानं सुटलं, कँटीनवर पाटी लागली, तरी ते राहिलं ते राहिलंच. बबनरावानं टेंडर भरलंच नव्हतं, हे मला पुढं महिन्याभरानं दवाखान्यातल्या क्लार्ककडून कळलं. "त्यांची बहीण आली होती म्हणे सांगायला, जावेच्या आड येऊ नको," तो म्हणाला. मी त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला आणि आत जाऊन उगाच भांडी आपटत बसले.

पहिली दोन वर्षं घरातला फोन वाजला की अक्का दचकायच्या. सारिकाचं काही असेल का? त्या दचकल्या की मीही दचकायचे. सारिकाचं बाळंतपण आमच्याच दवाखान्यात झालं. दोन दिवस अडली होती. विहीणबाई बाकावर बसून भिंतीला ऐकवत होत्या, "देवक हललेलं, दुसरं काय होणार." अक्का खाली मान घालून ऐकत होत्या. मी त्यांना कँटीनमधून चहा नेऊन दिला. तोंडानं काही बोलले नाही. सुटका झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. तेव्हा अक्का पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. तरी मी गप्पच. माझ्यासारखी दगडी बाई शोधून सापडायची नाही.

सहा वर्षांनी अक्कांच्या मुलाचं, विश्वजितचं लग्न निघालं. देवक बसवायचा दिवस. देवघर सवाष्णींनी भरलेलं. सारिका आली होती, तिची पोर खणाचं परकर-पोलकं घालून सगळ्यांच्या पायांत येत होती. मी नेहमीप्रमाणे चुलीपाशी. आता आतून सवाष्णींना हाका मारतील, म्हणून मी हळूच मागल्या दारानं कँटीनकडे निघाले होते.

"मालन!"

अक्कांचा आवाज. मी वळले. त्या देवघरातून सगळ्या बायकांच्या डोक्यांवरून मला बघत होत्या.

"कुठं निघालीस? इकडं ये. देवक बसवायच्या आधी एकदा विचारून घेते. काही टपाल यायचंय का तुझं? काही मागवलंयस का? आत्ताच सांग बाई, मग मला पाट उचलायला लावू नको."

बायका हसल्या. सारिका तर पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. मी उंबऱ्यापाशी आले आणि तिथंच थांबले.

"टपाल नाही अक्का," मी म्हणाले. "पण एक सांगायचं राहिलंय. सहा वर्षं राहिलंय. चुकलं माझं."

हसणं थांबलं.  अक्का म्हणाल्या, "एवढंच ना? मला वाटलं, परत टॅक्सवाले." आणि हातातली तेलाची बुधली त्यांनी उंबऱ्यावरून माझ्यापुढं धरली. "ये आत. समईत तेल घाल. माझे हात हळदीनं भरलेत."

त्यांचे हात कोरडे होते. मी बघितलं. मी आत गेले आणि तेल घातलं.